'कावळे कॉलनी' अजून विनोदी आहे

७ जानेवारी
संकल्प जरा उशिरा लिहितोय, कारण एक तारखेला सगळेच लिहितात. 'कावळे कॉलनी'चा पुढचा सीझन आजवरचा सगळ्यात विनोदी करायचा. आणि इंटरनेटवरच्या कॉमेंट वाचायच्या नाहीत.

दुपारी कॉमेंट वाचल्या. एकाने विचारलंय, हे कार्टून अजून चालू आहे? म्हणजे लोकांना काळजी आहे.

९ जानेवारी
अंधेरीला चॅनलच्या ऑफिसात मीटिंग. श्रुतिका नावाची नवी हेड. म्हणाली, सर, तुमचं कार्टून बघत मी मोठी झाले. मी थँक्यू म्हटलं. मग म्हणाली, मोठी झाल्यावर थांबले. वीस वर्षं सोसायटीच्या आंब्यावर राहणारं एक कावळ्यांचं कुटुंब मी एकट्याने लिहितोय, आणि ही थांबली.

आता अट अशी, की नवा एपिसोड प्रेक्षकांना दाखवायचा आणि ते हसतात याचं रेकॉर्डिंग आणायचं. मगच पुढचा सीझन. मी म्हटलं, एवढंच ना? रिक्षावाल्याला मात्र घराऐवजी चॅनलचाच पत्ता सांगितला. ए.सी. फार होता तिथे.

१४ जानेवारी
तिळगूळ देऊन गार्गीला एपिसोड दाखवला. बाबा कावळे फोन लावतात, क्रॉस कनेक्शन लागतं आणि ते भलत्याच कावळिणीशी बोलत बसतात. हुकमी सीन. कन्यारत्नाने विचारलं, क्रॉस कनेक्शन म्हणजे काय? समजावून सांगितलं. डायल, एक्स्चेंज, लाइनमन, सगळं. समजल्यावरही हसली नाही. हा विनोदबुद्धीचा प्रश्न आहे आणि तो क्षमाच्या माहेरून आलाय.

क्षमा एकदा हसली. फोनमध्ये बघून. वर मलाच म्हणाली, "तू स्वतः कधी हसला होतास रे, तुझ्या एपिसोडला? शेवटचा?"

हलवाई कधी स्वतःचे पेढे खातो का? हे उत्तर जेवण झाल्यावर सुचलं. तोवर ती झोपली होती.

३ फेब्रुवारी, सकाळी
लोक सिरियस झालेत. दूधवाल्याला जोक सांगितला, त्याने किती पिशव्या विचारलं. घरच्यांचा उपयोग नाही. खरा, निरागस, मोकळा हसणारा प्रेक्षक हवा.

तीन फेऱ्या झाल्यावर बागेत दिसला. आमच्या दिंडोशीतला हास्यक्लब! हात वर करून खदाखदा हसत होते सगळे. इतकी वर्षं रोज बाजूने जातोय आणि लक्षातच आलं नाही. रेकॉर्डिंगचा प्रश्न मिटला. झकास.

८ फेब्रुवारी
सोसायटीच्या हॉलमध्ये शो. हास्यक्लबचे नाना सगळ्यांना घेऊन आले. नाना मूळचे मालवणकडचे, पूर्वी मिलमध्ये होते, आता क्लबचे प्रमुख. त्यांनी पुढे उभं राहून टाळी वाजवली आणि हॉल दणाणला.

पहिल्या सीनला हसले. दुसऱ्याला हसले. टायटलला पण हसले. मध्येच लॅपटॉप अडकला आणि पडदा काळा झाला, तेव्हाही हसत होते. याला म्हणतात मूड लागणं. आजी कावळीण मरते त्या सीनला तर सर्वांत मोठा हशा. तिथे मी रडू अपेक्षिलं होतं, पण प्रेक्षक मायबाप.

निघताना नाना खूश. म्हणाले, "बरा झाला हां. पण पिक्चराचो आवाज जरा कमी ठेवा. हसूक अडथळो येता."

एवढं हसले की डायलॉग बुडाले. याहून मोठी पावती नाही. रेकॉर्डिंग चॅनलला पाठवलं.

२० फेब्रुवारी
श्रुतिकाचा फोन. विचारत होती, आजी गेल्यावर लोक का हसतायत? मी म्हटलं, मराठी माणूस मृत्यूकडे तत्त्वज्ञानाने बघतो. मग विचारलं, मागे टाळ्या वाजवून 'हो हो, हा हा हा' कोण म्हणतंय? मी नेटवर्क जातंय म्हणालो.

२ मार्च
सीझन मंजूर!! क्षमाला मिठी मारली. मेल पूर्ण वाचली नव्हती.

२ मार्च, संध्याकाळी
मेल पूर्ण वाचली. सीझन होणार, पण लिहिणार गंधाली नावाची मुलगी. मुलुंडची. वय चोवीस. मी 'क्रिएटिव्ह सल्लागार'. म्हणजे बढतीच म्हणायची. गार्गीने खांद्यावर हात ठेवला. त्याचा जास्त राग आला.

११ मार्च
गंधाली घरी आली. माझे सगळे एपिसोड तिला पाठ आहेत. प्रश्न मात्र विचित्र. बाबा कावळे कशाला घाबरतात? बाहेर माणसं त्यांची वाट कधी बघतात? मी क्रॉस कनेक्शनची फाइल दिली. तिने दोन्ही हातांनी घेतली, पिशवीत ठेवली. पोर गुणी आहे, पण चालणार नाही. महिन्याभरात मलाच बोलावतील.

३० एप्रिल
बोलावलं नाही. सुट्ट्यांचा सीझन आहे.

१२ सप्टेंबर
कार्टून येत्या वीस तारखेला सुरू होणार. भर पितृपक्षात! कोणी शहाणा माणूस पितृपक्षात नवं काम सुरू करतो का? मी श्रुतिकाला तसं कळवलं. तिने हसरा चेहरा पाठवला. यांना काही माहीतच नसतं. आपटणार.

२० सप्टेंबर
चुका टिपायला पेन घेऊन बसलो. क्षमा आणि गार्गी बाजूला.

सोसायटीतले एक काका वारलेत. दहाव्याचा पिंड ठेवलाय आणि आमचे बाबा कावळे फांदीवर बसलेत. शिवत नाहीत. खाली मुलगा हात जोडतो, आईला सांभाळीन म्हणतो. नाही शिवत. धाकटा फ्लॅटवरचा हक्क सोडतो. नाही. सून सगळ्यांसमोर नणंदेला बांगड्या परत करते. भटजी घड्याळ बघतात. सगळं घर रडून एकमेकांची माफी मागतं. वर आई कावळीण विचारते, अहो, खा ना एकदाचं, किती ताणताय? बाबा म्हणतात, "माझं इंटरमिटंट फास्टिंग चालू आहे गं. बारानंतर."

गार्गी सोफ्यावरून घसरली. क्षमा पदर तोंडाला लावून हसत होती. मी खोकलो. खोकला थांबेना. मग गार्गी म्हणाली, "बाबा, तुम्ही हसताय."

हसत होतो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कित्येक वर्षांनी आम्ही तिघं एकत्र हसलो, माझ्याच कावळ्यांना, आणि लेखक म्हणून नाव आलं गंधालीचं. फार वाईट वाटलं आणि तरी हसू थांबत नव्हतं.

पेनाने काहीच लिहिलं नव्हतं. आत्ता लिहितो. वीस वर्षं कावळ्यांवर लिहिलं. पिंड मला एकदाही सुचला नाही.