घरची पिशवी

महाड,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सुवार्ता हिस,
अ. उ. आ.

दादाचा ख्रिस्तात सलाम. तुमच्या कुडपणला येणाऱ्या भरतच्या जीपने हे पत्र आणि सोबत एक डबा पाठवत आहे. डब्यात तुझ्या वहिनीने केलेले अहाळिवाचे लाडू आहेत. रोज एक खायचा, शाळेतल्या पोरांना वाटायचे नाहीत, असा तिचा निरोप आहे. वाटलेस तर तिला कळतं म्हणे. कसं कळतं ते मी विचारलं नाही.

ऑपरेशनची तारीख मिळाली. सतरा मार्च, मुंबईत. पोटातली गाठ अजून एका जागी आहे, आत्ता काढली तर निघेल, असं डॉक्टर मला कागदावर लिहून दाखवतात. माझ्या बहिऱ्या कानांशी बोलत बसायला त्यांना वेळ नाही. मात्र रक्ताच्या दोन पिशव्या हाताशी असल्याशिवाय ते पोटाला हात घालणार नाहीत. आपला बॉम्बे गट किती अडचणीचा ते तुला सांगायला नको. नोंदवलेले देणारे थोडे, त्यातले बरेच नुकतेच देऊन बसलेले. एक पिशवी मुंबईवाले करतील. दुसरी घरची, म्हणजे तुझी. बाईमाणसाने एकदा दिलं की चार महिने पुन्हा देता येत नाही, तेव्हा तोवर जप स्वतःला. त्या कुडपणच्या दगडधोंड्यांत धडपडू नकोस.

गेल्या रविवारी पाळक बाहेरगावी होते, म्हणून चर्चच्या पंचांपैकी मला उपदेशाला उभं केलं. कारभारीपण हा विषय घेतला. देवानं दिलेलं ते आपलं नव्हे, आपण नुसते सांभाळणारे, असं पाऊण तास बोललो. पहिल्या बाकावर तुझी वहिनी छान झोपली होती.

तिचं मात्र बरं नाही. आळीतल्या बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालायचं तिनं सोडून दिलं आहे. माझं दुखणं निघाल्यापासून हात त्या कामाला वळतच नाहीत म्हणते. बायका दाराशी येतात आणि तशाच परत जातात. तू तिला दोन शब्द लिही, तुझं ऐकते.

उत्तर सवडीने नको, लगेच धाड. जीव तुझ्यापाशी अडकलेला असतो.

तुझा,
दादा (शांतवन)


कुडपण,
१५ फेब्रुवारी २०२५

ती. दादांस,
सुवार्ताचा ख्रिस्तात सलाम. वि. वि.

डबा पोचला. दोन लाडू वाटले गेले, वहिनीला कळलंच असेल. बाकीचे मी इमानाने खाते आहे. आज पोलादपूरला उतरून रक्त तपासून घेतलं. चांगलं भरलं आहे, काळजी करू नकोस. तुझा पाऊण तासाचा उपदेश चुकला याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही, हेही कळावे.

दादा, एक सांगू? तुझं पत्र आल्यापासून मला सारखी आईची आठवण येते. म्हणजे मला तिचा चेहरा कुठला आठवायला, तू सांगितलेलंच आठवतं. माझ्या जन्माच्या वेळी तिचं रक्त थांबेना. तपासलं तर गट ओ दिसला, म्हणून ओ चढवलं, आणि त्यानंच ती गेली. आपल्या गटाचं असंच असतं, दिसायला ओ, पण ओ सोसत नाही. तेव्हा इकडे कोणालाच हे ठाऊक नव्हतं, दोष तरी कोणाला देणार? पुढे एसटी डेपोतल्या अपघाताच्या वेळी तू रक्त द्यायला गेलास आणि मग आपलं आपल्याला कळलं.

तू मला तेव्हा कडेवर घेऊन वाढवलंस. एक्कावन्न वर्षांची झाले, तुझी परतफेड करायची सोय देवाने कधी ठेवलीच नव्हती. आता ठेवली आहे. मला खरंच आनंद होतो आहे, दादा. देताना हात पुढे करीन तेव्हा मी हसत असेन बघ.

वहिनीला निराळं लिहिते. दोघांनी एकमेकांना सांभाळा आणि मला विसरू नका.

तुझी,
सुवार्ता


कुडपण,
२५ फेब्रुवारी २०२५

ती. दादांस,
ख्रिस्तात सलाम.

हे पत्र कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळच लिहिते. घरची पिशवी मी काल देऊन टाकली.

सकाळी शाळेत असताना महाडच्या रक्तपेढीतून फोन आला. आंबेनळी घाटाच्या उतरणीवरच्या एका वाडीतली सोनाली नावाची मुलगी, पहिलंच बाळंतपण, मुलगी झाली, आणि रक्त थांबेना. गट आपला. मुंबईहून पिशवी येईपर्यंत ती टिकेल असं कोणी म्हणत नव्हतं. माझ्या भावाचं ऑपरेशन आहे, त्याच्यासाठी राखून ठेवलंय, असं मी त्यांना सांगितलं. ते बिचारे म्हणाले, बाई, आम्ही आग्रह करू शकत नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

मी वहिनीच्या फोनवर तुला निरोप द्यायला नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. तू नको म्हणाला असतास तर मला ते ऐकावं लागलं असतं. आणि तू दे म्हणाला असतास तर ते ओझं तुझ्यावर पडलं असतं. म्हणून विचारलंच नाही. भरतला म्हटलं, गाडी काढ.

रक्त देताना मी हसत नव्हते. सारखं मनात येत होतं, हे माझं नव्हे, दादाचं आहे, मी चोरी करते आहे. बाहेर सोनालीची सासू चंद्रभागा जमिनीवर बसून होती.  सोनाली वाचली.

परतताना तुमच्या आळीच्या तोंडाशी उभी राहिले. वहिनीचा आवाज ऐकू आला, भाजीवाल्याशी भांडत होती. पाऊल पुढे पडेना, तशीच वर निघून आले. आता जून सरत येईपर्यंत मला देता येणार नाही. दादा, मी तुझं काय करून बसले रे?

रागाव, पण लिही. गप्प बसू नकोस.

तुझी,
सुवार्ता


महाड,
२८ फेब्रुवारी २०२५

सुवार्ता,

आज आशीर्वाद लिवत नाय. हात वळत नाय.

मुंबईच्या डॉक्टरांनी सतराची तारीख काढून टाकली. दुसरी पिशवी कुठं मिळते का बघतो बोलले, पण तुमची घरची होती ना, असं पण बोलले. मी काय सांगू त्यांना? आमच्या घरची पोरगी परक्याला देऊन मोकळी झाली, असं सांगू?

मी या घरात आले तेव्हा तू दहा वर्सांची होतीस. तुझ्या उवा मी काढल्या, तुझी वेणी मी घातली. तुझं शिक्षण व्हावं म्हणून तुझ्या दादानं दोन-दोन पाळ्या केल्या गो. आणि त्याच्या जिवावर येळ आली तेव्हा तुला वाडीतली कोण कुठली बाई जवळची झाली? माणूस मेलं असतं हे मला पण समजतं. मी दगड नाय. पण माझं माणूस मेलं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू, ते सांग.

दादानं तुझं पत्र वाचलं, घडी करून ठेवलं, आणि खिडकीत बसलाय. दोन रविवार देवळात उपासनेला पण येणार नाय बोलतो. जेवण निम्मं टाकतो.

डबा परत धाडून दे.

प्रेमला


महाड,
१८ मार्च २०२५

चि. सुवार्ता हिस,
अ. उ. आ.

काल सतरा तारीख होती. मुंबईच्या खाटेवर असायचा तो मी घरी मऊभात खात बसलो होतो. उशिरा लिहितो आहे, कारण आधी लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं.

मी रागावलो होतो, सुवार्ता. फार रागावलो होतो. सतत एकच मनात येई, माझं रक्त तिनं दिलं कसं? मग एके दिवशी दाढी करताना माझ्याच डोक्यात आलं, अरे, तुझं रक्त कुठलं? तिच्या अंगातलं, तिलाही ते कुठल्या दुकानातून मिळालेलं नाही. पाऊण तास लोकांना सांगून आलास आणि स्वतःच्या बहिणीच्या अंगावर आपलं नाव घालून बसलास. फार लाज वाटली.

तरीही मनातलं पुरतं जाईना, म्हणून कोणापायी आपली तारीख गेली ते बघायला दवाखान्यात गेलो. चांगल्या मनाने गेलो नव्हतो, हे तुला सांगून टाकतो. सोनाली म्हणजे अगदीच पोर आहे गं. चोवीस वर्षांची. आपली आई गेली तेव्हा हिच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. मी बारा वर्षांचा होतो, तेव्हा आई मोठी बाई वाटायची. एवढीशी असेल असं कधी मनातच आलं नव्हतं. मी तिथेच बाकावर बसून रडलो. नवऱ्याला मुंबईत कामावर परत जावं लागलंय. चंद्रभागाबाई दवाखान्याच्या जिन्याखाली रात्र काढतात. सोनालीला अजून महिनाभर तपासणीला यायचं आहे, आणि घाट उतरून दर खेपेला यायची तिची ताकद नाही.

तेव्हा मी तिघींना घरी घेऊन आलो. तुझ्या वहिनीला विचारलं नाही. विचारायचं नाही हे मी तुझ्याकडूनच शिकलो. ती सध्या माझ्याशीही बोलत नाही, आणि मला तसंही ऐकू येत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे.

तू केलंस ते बरोबर केलंस. हे वाक्य दोनदा वाच.

येत राहा, लिहीत राहा.

तुझा,
दादा


महाड,
२१ एप्रिल २०२५

चि. सुवार्ता,
वहिनीचा आशीर्वाद.

काल पुनरुत्थानाचा सण झाला. तू आली नायस. मीच येऊ नको असं वागले, मग तू तरी कशी येशील?

खरं सांगते, पहिले चार-पाच दिवस मी त्या तिघींना जेवायला वाढायची आणि तोंड फिरवायची. चंद्रभागाबाई माझ्या आधी उठून अंगण झाडून ठेवायची, तरी मी बोलत नव्हते. एक दिवस सोनालीला उठवेना आणि ती म्हातारी बाळाला आंघोळ घालायला बसली. पाणी कढत, बाळाची मान लटकती, डोळ्यांत साबण. बाळ टाहो फोडत होतं. मला बघवेना गो. सरका तिकडं, बोलले, आणि पाय पसरून बसले. बाळाला पायांवर घेतलं, तेल लावलं, आणि ते गपगार झालं. माझ्याकडं टकामका बघत राहिलं. मग मला जे रडू फुटलं ते थांबेना. तुझा दादा दारात येऊन उभा, त्याला वाटलं बाळाला काय झालं.

त्या दिवसापास्नं दोघींना मीच न्हाऊ घातलं. गेल्या आठवड्यात त्या वाडीवर गेल्या. घर कसं ओकंबोकं झालंय. आता आळीतल्या बायका येतात तर मी नाय बोलत नाय.

मुंबईला दुसरी पिशवी अजून मिळाली नाय, आणि तुझ्या दादाची ताकद कमी होतेय. तू ये. डबा येताना आण, रिकामा आणू नको, रानची करवंदं आण.

तुझ्यावर राग धरला ते पोटात घाल.

तुझी,
वहिनी


महाड,
९ जुलै २०२५

चि. सुवार्ता हिस,
अ. उ. आ.

अक्षर वाकडं आलं तर समजून घे. तुम्ही सांगा, मी लिहिते, असं वहिनी म्हणते, पण हे मलाच लिहायचं आहे.

तू मुंबईला येऊन रक्त देऊन गेलीस, शाळा उघडलेली म्हणून लगेच परतलीस. तीस तारखेला पोट उघडलं आणि लगेच बंद केलं. गाठ पसरली आहे, आता काढण्याजोगी राहिली नाही. दिवस किती, ते डॉक्टरांनी लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही.

दुसरं मात्र विचारलं. मार्चमध्ये उघडलं असतं तर? त्यांनी लिहिलं, निघालीही असती कदाचित, सांगता येत नाही. तुझ्या मनात हा प्रश्न जन्मभर राहणार, म्हणून मीच विचारून ठेवला. उत्तर हे असं आहे. गोड करून सांगत नाही. पण मी हे जाणून तुला सांगतो, की मला तो व्यवहार मान्य आहे. पुन्हा फेब्रुवारी आला आणि तू मला विचारलंस, तर मी जा म्हणेन. आधी म्हणालो असतो की नाही ते ठाऊक नाही. आता म्हणेन.

तुझी पिशवी माझ्यासाठी उघडलीच नाही. तिचं काय करणार, असं मी नर्सबाईंना लिहून विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हातवारे करून सांगितलं, गेली, कोणाला तरी लागली. मला फार बरं वाटलं. त्या रात्री मी छान झोपलो.

बाळ वाडीवर पालथं पडायला लागलं, असा भरतने निरोप आणला.

रविवारी ये. बोलायचं काही नाही, नुसती शेजारी बस.

तुझा,
दादा


महाड,
२८ सप्टेंबर २०२५

चि. सुवार्ता,
वहिनीचा आशीर्वाद.

तुझा दादा गेल्याला महिना होऊन गेला. तू राहून गेलीस तेव्हापास्नं मी कोणाला लिवलं नाय, हे पहिलंच. घरात आता मला ऐकू येतं सगळं, नळाचं पाणी पण. आधी त्याच्यासाठी ओरडून बोलायची सवय, आता हळू बोलायला कोण नाय.

काल सोनाली बाळाला घेऊन आली होती. बाळाला दोन दात आलेत. दादाच्या खुर्चीचा पाय धरून उभी राहाया बघते. सोनाली खुर्चीकडं बघून रडाया लागली. मी तिला बोलले, रडू नको, त्याला ते आवडलं नसतं. मग मीच रडले.

मंडळीतल्या बायका येतात, आळीतल्या येतात. उद्या दोन बाळं न्हाऊ घालायची हायेत, एक मशिदीच्या मागल्या घरात, एक बुद्धवाड्यात. बरं वाटतं त्यानं. हात चालला की मन जरा गप बसतं.

भरतकडं डबा दिलाय. अहाळिवाचे लाडू हायेत, गूळ जास्त घातलाय. ऑक्टोबर सरता तुझे चार महिने भरतात, मी ध्यानात ठेवलंय. रोज एक खायचा. पोरांना वाटायचे नाय. कोणासाठी हाय ते मला ठाऊक नाय, तुला पण नाय. तरी खा गो.

तुझीच,
वहिनी