डावा पाय

१४ जून

समुपदेशक म्हणाली, लिही. कुठल्याही भाषेत लिही. म्हणून मराठी — पामर्स्टनच्या हॉस्पिटलमधल्या या वॉर्डात कुणाला वाचता येणार नाही! बारा वर्षांचा असताना पुण्याहून इथे परदेशात आलो, माझं शुद्धलेखन तिथेच थांबलंय.

काय लिहू? आर्मीचा सराव होता. इथे जूनमध्ये हिवाळा; ट्रक बर्फावरून घसरून उलटला. माझा डावा पाय खाली सापडला. बाकीची पोरं ठीक आहेत. बस, एवढंच.

१७ जून

काही नाही.

२० जून

नाइरी नावाची नर्स, इथल्या मूळ रहिवाशांपैकी, रोज त्यांच्या भाषेत 'किआ ओरा, सोल्जर!' असा नमस्कार करत येते. आज तिला कळलं की मी आधी प्रोफेशनल फुटबॉल खेळायचो. 'मग आर्मीत कसा काय?'

नीट सांगता येईना. अठराव्या वर्षी कॉन्ट्रॅक्ट मिळालं. मंडळाच्या गणपतीत सत्कार, फोटो, सगळ्या काकवा 'आमचा चिराग, आमचा चिराग'. दोन सीझन — बहुतेक बेंचवरच. मग कोचनं ऑफिसात बोलावलं. पुढच्या वर्षी नाही ठेवत तुला, मेट. सॉरी. मी काय म्हणालो? 'स्वीट ॲज.' म्हणजे, एकदम मस्त. स्वीट ॲज!!

नंतर कित्येक महिने दुपारपर्यंत अंथरुणात. एकदा घराजवळ, पोरिरुआच्या मॉलमध्ये आर्मीचा स्टॉल दिसला. आर्मीत कधी उठायचं ते दुसरं कुणीतरी सांगतं. मला तेवढंच हवं होतं.

आई रडली. बाबा म्हणाले, 'बॉल सुटला म्हणून बंदूक?' त्यानंतर ते माझ्याशी सरळ बोललेच नाहीत. सुट्टीत घरी गेलो तरी 'त्याला विचार जेवतोय का' — आईमार्फत.

२८ जून

सर्जन आला. दोन पर्याय. पाय ठेवायचा — मग आणखी ऑपरेशनं, घोटा कायमचा जखडलेला, आणि नस तुटल्यामुळे पावलात जाणीव परत येण्याची आशा जवळजवळ नाहीच. नाहीतर गुडघ्याखाली काढायचा. कृत्रिम पायावर कदाचित धावूही शकशील म्हणाला. घाई नाही, विचार कर.

आई: 'ठेवायचा. प्रश्नच नाही!' बाबा खिडकीबाहेर बघत होते.

मला काहीच वाटलं नाही. याच पायानं कॉर्नर मारायचो. तरीही नाही.

६ जुलै

घरी आलो. पोरिरुआचा वारा चालूच.

आई रोज पावलाला तेल चोळते. 'आज जाणवलं का रे? अंगठ्याला?' मी म्हणतो, थोडं. खोटं आहे. तिचा चेहरा उजळतो. उजळू दे.

११ जुलै

पाऊस. तेल. 'थोडं.'

१९ जुलै

आज वाईट झालं. आईनं गरम पाण्याची पिशवी पावलाखाली ठेवली. 'फार गरम नाही ना?' 'नाही, छान वाटतंय.' मी फोनवर कसलीतरी मॅच बघत होतो, ती पोळ्या करायला गेली. परत येऊन पिशवी काढली आणि किंचाळलीच. तळव्याला टरटरून फोड आलेला, कातडी पांढरी पडलेली. मी बघत राहिलो. शेजाऱ्याचा पाय बघावा तसा.

'तुला कळलं नाही?'

'नाही.'

'मग रोज थोडं थोडं म्हणतोस ते काय?'

ती तिथेच खाली बसली. हाताला पीठ तसंच. रडली नाही. बाबा दारात येऊन उभे राहिले, मग फोडाचं मलम शोधायला गेले.

२० जुलै

सकाळी आई चहा घेऊन आली. डोळे सुजलेले. 'चिरू, काढून टाक तो. माझ्यासाठी ठेवू नकोस.'

'बरं,' म्हणालो. तिनं डेअरीतून दूध आण म्हटल्यासारखं.

४ ऑगस्ट

परत पामर्स्टन. उद्या ऑपरेशन.

नाइरीनं विचारलं, काढलेला पाय तुम्हाला परत हवाय का? आमच्यात अंगाचा भाग जमिनीला परत देतात, बरेच जण घेऊन जातात. तुमच्यात कसं?

'नको. टाकून द्या,' मी म्हणालो.

बाबा खुर्चीतून उठले. 'नो. वुई विल टेक हिम होम.' हिम! नाइरीनं मान डोलावली, काही हसली नाही. आईला वाटलं आता जाळायचा की काय, घरी कसं जमणार हे सगळं... बाबा माझ्याकडे वळले. माझ्याकडे! 'जाळायचा नाही, पुरायचा. तू आहेस अजून.'



७ ऑगस्ट

झालं. औषधांची गुंगी. काही नाही.

१६ ऑगस्ट

बाबांनी घरामागच्या अंगणात एकट्यानं खड्डा खणला. चिकणमाती, त्यात पाऊस. मी व्हीलचेअरवर. त्यांनी पायाचा खोका दोन्ही हातांनी खाली ठेवला, तान्ह्या बाळाला ठेवतात तसा. पहिली मूठ माती हातात घेतली आणि थांबले. 'चिराग, दुखतंय का रे?'

मी हंबरडाच फोडला. थांबेचना. आई धावत आली.

'रडू दे,' बाबा म्हणाले. 'रडू दे त्याला.' आणि तिथेच, चिखलात, माझ्या चाकाला टेकून बसले.