नमुन्याची फिल्म

१२ जून २००८, लातूर
आलो एकदाचा. स्वागताला गुलाबाचा हार, पेढे आणि स्कॅन सेंटरच्या मालकांचं भाषण: पुण्याचे डॉक्टर आले, लातूरचं नशीब उघडलं. मला ते पटलं. गाव म्हणजे डाळमिलची धूळ आणि जिकडेतिकडे कोचिंग क्लासचे फलक. फलकांवर टक्क्यांसकट भेदरलेली पोरं. मेंदूचे फोटो काढायला याहून योग्य गाव नाही. आत काही सापडेलच, अशी हमी मात्र देत नाही.

एमआरआय मशीन नवं कोरं. टेक्निशियन माणिकप्पा पन्नाशीचा, किल्लारीकडचा. चाचणीसाठी कुणाचं डोकं घ्यायचं म्हणून सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले, तेव्हा मीच आत जाऊन पडलो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची फिल्म निघाली. माणिकप्पा ती घेऊन काहीतरी सांगायला आला. मी बघितलीही नाही. 'नॉर्मल' लिही आणि नमुना म्हणून ठेव, म्हटलं. गावात एक तरी धड मेंदू नोंदलेला असावा.

२९ जून
माझ्या भाड्याच्या खोलीत भिंतीला तडा आहे. सामान लावायला आलेला माणिकप्पा तड्याच्या टोकाशी पेन्सिलीनं रेघ मारून तारीख घालून गेला. त्र्याण्णवच्या भूकंपात त्याची बायको गेली. तेव्हापासून दिसेल त्या तड्यावर तो तारखा घालतो. तडा रेघेपुढे सरकला, की घर सोडायचं म्हणे. पंधरा वर्षं झाली, गडी अजून भिंतींची हजेरी घेतोय. मी पोट धरून हसलो.

८ जुलै
आज पहिली खरी केस. जिक्रा, सोळा वर्षांची, कंधारची. मेडिकलच्या तयारीसाठी इथं राहते. गरम चहावर फुंकर घातली, की उजवा हात लुळा पडतो आणि पाच मिनिटांत ठीक होतो. क्लासच्या दीडशहाण्या सरांनी नाटक ठरवून तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. फिल्ममध्ये मात्र स्पष्ट दिसतं. मोठ्या वाहिन्या निमुळत्या होत बंद पडत चालल्यात आणि त्यांच्या जागी बारीक वाहिन्यांचं जाळं, धुरासारखं. मोयामोया. जपानी नाव, अर्थही धुराचाच. जोरात श्वास घेतला, रडलं, घाबरलं, की वाहिन्या आणखी आवळतात. घाबरायचं नाही, असं मी तिला दरडावून सांगितलं. ती घाबरली. दोन महिन्यांनी दुसरी फिल्म काढायची.

१७ ऑगस्ट
टपरीवाल्याचे कप निसरडे आहेत. आज दुसऱ्यांदा हातातून सुटला, तोही फुंकर घालत असताना. चहा उकळता देतात आणि कप धुवायची अक्कल नाही. लोक माझ्याकडेच बघत होते.

९ सप्टेंबर
जिक्राची दुसरी फिल्म. धूर वाढलाय. तिचे वडील पाशामियाँ शिंपी आहेत. ऑपरेशन परीक्षेनंतर करू, एवढंच धरून बसले होते. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडावा म्हणून मी नमुन्याची फिल्म मागवली, दिव्याच्या पेटीवर लावली आणि निरोगी मेंदू कसा असतो ते बघा म्हटलं. ते चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले.

"साहेब, धूर तर ह्याच्यात बी हाय की."

मी माणिकप्पावर ओरडलो. गाढवा, पोरीची फिल्म नमुन्याच्या पाकिटात कशी गेली, विचारलं. त्यानं कोपऱ्यातल्या अक्षरांवर नुसतं बोट ठेवलं. पुरुष, वय ४१, १२ जून.

माझा चेहरा बघून पाशामियाँ ऑपरेशनला लगेच हो म्हणाले.

१० सप्टेंबर
मशीनच टाकाऊ आहे. पुन्हा आत पडलो. माणिकप्पानं माझ्या दोन्ही फिल्म शेजारी लावल्या. डावी वाहिनी जिथं संपते, तिथं पेन्सिलीनं रेघ, तारीख. आजची रेघ जूनच्या रेघेपेक्षा नखभर अलीकडे. पुस म्हटलं, तर पुसलं नाही. जूनमध्येच का बोलला नाहीस, असं विचारलं.

"आलो होतो की. तुमी बगितलंच न्हाई, साहेब."

१२ सप्टेंबर
उद्या हैदराबाद. मालकांनी गाडी दिली. जिक्रा, तिचे वडील आणि मी. ऑपरेशनं दोघांची, तिचं आणि माझं. सकाळी एक शब्द सापडेना. ते, ज्यात पाणी ठेवतात— माणिकप्पानं उचलून दिला. तांब्या.

१३ सप्टेंबर
डाव्या हातानं लिहितोय. उजवा— नाही. गाडी तीनला.

माणिकप्पा खोलीवर जाऊन आला. भिंतीचा तडा रेघेवरच आहे म्हणाला. पंधरा वर्षं हजेरी, आणि मी हसलो—

जिक्रा शेजारी बसलीय. तिला दरडावलं होतं, घाबरायचं नाही. कसं नाही घाबरायचं, ते सांगितलंच नव्हतं. ती आपणच शिकली. मला शिकवतेय. हळू सोडा, आकडे मोजा.

भीती वाटते. खूप. श्वास वाढतोय, आवरत नाही— वाढला की आवळतं, आवळलं की भीती—

हळू. एक. दोन.

तीन. चार—

चारनंतर काय असतं, तिला विचा