अक्काची मूठ

१९ जुलै, शनि. जळगाव
आईची मूठ भट्टीतून निघाली. अंगठ्यापाशी तडा गेलाय. राहू दे, आईला शोभतो.
भिंतीवर आता आमच्या घरातल्या बायकांच्या मातीच्या मुठी. जागा रिकामी आहे ती फक्त अक्काची, माझ्या आत्याची. श्रावणात घरी कानबाई देवी बसते; तिच्या नैवेद्याच्या रोटांना, म्हणजे जाड पोळ्यांना, घरातल्या दरेक पुरुषामागे सव्वा मूठ गहू. पाळण्यातल्या पोराचीसुद्धा मूठ. बायकांची नाही. माझं प्रदर्शन त्यावरच. अक्काशिवाय काय अर्थ?

२३ जुलै
अक्काला फोन. "मूठ दे ना."
"मनी मूठ कसाले व? मी त्या घरनी शे का?"
हसली. मला आधी राग, मग रडूच. लग्न झालेल्या लेकीला माहेरचा रोट चालत नाही, तिलाही नाही, मलाही. लहानपणी गंगाफळाच्या भाजीत बुडवून रोट मला तीच भरवायची. मग हात धुऊन ओट्यावर जाऊन बसायची. मला वाटायचं, अक्काला भूकच नसते. काय ते दिवस. काय तो रोट!

२ ऑगस्ट, शनि. शिंदखेडा
माहेरी. अक्काही आलीय. आबाकाका एकेका नातवाचं नाव घेत टोपलीत गहू टाकत होते. दादाला यंदा मुलगी झालीय. तिचं नाव नाही.
"आणि हिची मूठ?"
"रीत शे ती, बेटा."
मी भांडणारच होते. तेवढ्यात अक्का उठली, पोत्यातून मूठ भरली, सरळ टोपलीत. "हाई पोरनी."
आबा टोपलीकडे बघत राहिले. आता वेगळे काढणार कोणते? शेवटी म्हणाले, "दळाले लई जा."
मला नाचावंसं वाटलं. नाचले नाही.

३ ऑगस्ट, रवि.
कानबाई बसली. नारळाला डोळे, नथ. अक्काचा आवाज फाटतो हल्ली, तरी गाणं तिनेच धरलं.
जेवताना वहिनीने गपचूप अक्काच्या हातावर रोटाचा तुकडा ठेवला. अक्का खाईना, खाली ठेवीना. मूठ मिटून बसली. मग मला, "हाई ले मूठ. तुनं प्लास्टर शे ना?"
ओट्यावर बसून ओल्या पट्ट्या गुंडाळल्या. वाळेपर्यंत दुसऱ्या हाताने भाचीला थोपटत राहिली. साचा कापून काढला. मूठ तशीच मिटलेली. तशीच उठून न्हाणीकडे गेली.

४ ऑगस्ट, सोम.
कानबाईला नदीवर पोचवून आलो. वाटेत विचारलं, "खाल्ला का गं?"
"तुनी भिंतवर काय दिखस? मूठच ना!"
म्हातारी भारी आहे.

आता एस.टी.त. साचा मांडीवर. बोटं छान उमटलीत. अंगठ्याच्या खळग्यात रोटाचा एक कण चिकटलाय. माती भरण्याआधी साचा साफ करावा लागतो. टाकवत नाही.
मीही लग्न झालेलीच. शेजारची बाई झोपलीय. कुणी बघत नाही. कण बोटावर घेतला.