सोललेले फुटाणे

प्रिय उर्वशी,

आधी माझा निकाल सांगून टाकते, म्हणजे तुला पत्राच्या शेवटापर्यंत ताटकळायला नको. यंदाचं मोठं बक्षीस तुझ्याच पिक्चरला. उत्कृष्ट चित्रपट, उत्कृष्ट दिग्दर्शन, आणि नवऱ्याचं काम करणारा तो तुझा नट, त्यालाही. कोकणातल्या बोटीचा पिक्चर छायाचित्रणावर समाधान मानेल आणि पैलवानाचा नुसत्या टाळ्या वाजवत बसेल. आमचे हरिदास सर अजून पैलवानासाठी भांडतात. गणिताचे मास्तर असून हिशेब कच्चा. नामांकनं जाहीर झाल्यापासून आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत दुसरा विषय नाही. कोणाला मिळणार, कोणाची हुकणार, यावरून डबे उघडे राहतात आणि भाजी गार होते. सर मला म्हणतात, "मॅडम, तुमी मैत्रिणीच्या बाजूनं बोलून राह्यल्या, तुमचं मत धरता येत नाई." मी म्हणायची, ट्रेलर बघा सर, मग बोला. तो ट्रेलर मी त्यांना इतक्यांदा दाखवला की माझ्या हातात मोबाइल दिसला की ते चष्माच काढून ठेवायचे. पिक्चर लागायच्या आधीच तुझी इतकी वकिली पोंभुर्णा तालुक्यात दुसऱ्या कोणी केली नसेल.

हे वेड आपल्याला चंद्रपूरला कॉलेजात लागलं. रामाळा तलावाच्या पाळीवर बसायचं, मध्ये फुटाण्यांचा पुडा, आणि अजून न आलेल्या सिनेमांवर भांडण. आलेल्या सिनेमावर काय, कोणीही बोलतं, असं तू म्हणायचीस. पोस्टर, गाणी आणि ट्रेलर, एवढ्यावरून सांगायचं की बक्षीस कोण नेणार. तू माजरीच्या खाणीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, मी धानाच्या बांधावर. होस्टेलच्या पोरी आपल्याला फुटाणा ज्युरी म्हणायच्या. माझी कसोटी ठरलेली होती: ज्या पिक्चरमधला एक प्रसंग माणूस दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर अनोळखी माणसाला सांगत सुटेल, तोच जिंकणार. तुझा नियम असा की एकदा निकाल दिला की फिरवायचा नाही. आणि हरलेलीनं जिंकलेलीला फुटाणे सोलून द्यायचे, सालं फुंकून, हातावर ठेवायचे. सुट्टीत तू माझ्या घरी यायचीस तेव्हा आपलं हे भांडण बघून बाबा हसायचे. त्यांना सिनेमातलं काही कळायचं नाही, पण फुटाणे फोडायला ते आपल्यात येऊन बसायचे.

मग आई गेली. तू सोबत होतीस. होस्टेलवर निरोप आला तेव्हा तूच माझी पिशवी भरलीस आणि एसटीत माझा हात धरून बसलीस. मोहफुलं वेचायला आई आणि बाबा पहाटेच रानात गेले होते, आणि मोहाखाली पिलंवाली अस्वलीण होती. पुढचं सगळ्या गावाला पाठ आहे. बाबांनी काठी काढली, अस्वलिणीवर तुटून पडले, काठीचे दोन तुकडे झाले पण वारलूची रुखमा वाचली नाही. लोक धावून गेले तेव्हा बाबा ते दोन तुकडे हातात घेऊन नाल्याकडून ओरडत येत होते. तेराव्याला आलेला प्रत्येक पाहुणा ती काठी हातात घेऊन बघत होता. तेव्हापासून ती आमच्या ओसरीत खुंटीला आहे. दरवर्षी दसऱ्याला मी तिला हळदकुंकू वाहते. बाबा नेमके त्याच वेळी आपट्याची पानं आणायला बाहेर जातात. इतकी वर्षं मला वाटायचं, आईची आठवण येते म्हणून त्यांना बघवत नाही. तू एकाच दसऱ्याला होतीस आमच्या घरी. एकाच दसऱ्यात तुझ्या जे लक्षात आलं ते मला लेक असून दिसलं नाही.

तू मुंबईहून परत आलीस ती सिनेमा करायचा म्हणून. पुनम, तुझ्या बाबांवर करायचाय, म्हणालीस. मला केवढा अभिमान वाटला होता! तू राहिलीस पावसाळा सरेपर्यंत. माझ्या शेजारी झोपायचीस, आईचं लुगडं पांघरायचीस. मी शाळेत गेले की तू बाबांसोबत बांधावर जायचीस. संध्याकाळी दोघं परत यायचात आणि बाबा नेहमीपेक्षा जास्त जेवायचे. मला वाटायचं, चला, म्हाताऱ्याला बोलायला माणूस मिळालं. बाबा तुला बाई म्हणायचे, मला अजूनही पोट्टी म्हणतात. एकदा मी गमतीनं म्हटलं, उर्वशी, तू माझा बाप पळवलास. तू हसली नाहीस. मी त्याचा काही अर्थ काढला नाही, कारण मैत्रिणीच्या न हसण्याचे अर्थ काढत बसायची मला सवय नव्हती.

मग ट्रेलर आला. अख्खं गाव आमच्या अंगणात जमलं होतं. शेजारच्या पत्रूच्या मोठ्या मोबाइलवर सगळ्यांनी डोकी घातली. धुकं, मोह, टोपली घेतलेली बाई, आणि एकदम तो नट काठी उगारून उभा, समोर वाघ. पत्रू ओरडला, "आबे, अस्वलाचा वाघ काऊन केला?" तेव्हा बाबाच म्हणाले, "अस्वलाले कोन बक्षीस देते बावा? बक्षिसाले वाघच पायजे." केवढे हसलो सगळे. मीही हसले, म्हटलं, सिनेमा आहे, चालायचंच. हसता हसता बाबांचे डोळे भरून आले. लोक गेल्यावर ते मला म्हणाले, "पोरीनं शब्द पाळला." मी विचारलं, कोणता शब्द? ते म्हणाले, "काई नाई, म्या म्हटलं होतं येजो म्हून, आली ना ते." आणि उठून बैलांकडे गेले. त्या ट्रेलरवर मी माझा निकाल दिला, उर्वशी. सगळ्यांदेखत, छातीठोकपणे. आपला खेळच तसा, ट्रेलर बघून अख्ख्या पिक्चरबद्दल बोलायचं. ट्रेलर करणारी तू आहेस, तर त्यात काय दाखवायचं नाही हेही तूच ठरवणार, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही.

नागपूरच्या खास खेळाचा पास तू पाठवलास. बाबांना थंडी सोसत नाही म्हणून मी एकटीच गेले, नवी साडी नेसून. पहिला अर्धा पिक्चर मी शेजारच्या बाईला सांगत होते, हे आमचं गाव, हा आमचा नाला. आणि मग तो प्रसंग आला. वाघ बाईवर झडप घालतो. नवऱ्याच्या हातात काठी आहे. तो पळतो. कोरड्या नाल्यात उतरतो, दरडीला चिकटून बसतो, दोन्ही हातांनी कान दाबतो. वर बायको हाका मारते आहे. नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलेलं नाही, मरतानाही घेत नाही, लेकीच्या नावानं हाक मारते. "सीताचे बाबा... ओ सीताचे बाबा..." मग हाका थांबतात. लोकांचे आवाज जवळ आल्यावर तो उठतो, काठी दगडावर आपटून मोडतो, आणि दोन तुकडे घेऊन ओरडत पळत सुटतो. शेजारची बाई रडत होती. मी रडत नव्हते. सीताच्या जागी कोणाचं नाव होतं, ते त्या थिएटरात मला एकटीला माहीत होतं. माझी आई मला हाक मारत गेली असं मी म्हणणार नाही, ती बाबांनाच बोलावत होती. पण तिच्या तोंडात शेवटी माझं नाव होतं. हे मला पासाच्या खुर्चीवर बसून, अनोळखी लोकांत, एका नटीच्या तोंडून कळलं.

बाहेर येऊन मी तुला फोन केला. मला अजून आशा होती की तू म्हणशील, अगं, ते मी रचलं. तू म्हणालीस, "तुला माहीत नव्हतं?" मग म्हणालीस, त्यांना कोणाला तरी सांगायचं होतं पुनम, तुला सांगता येत नव्हतं. मग म्हणालीस, नावं बदललीत, आणि ती माणसाची गोष्ट आहे, एकट्या वारलूभाऊंची नाही. मी फोन ठेवला. तुझं सगळं खरं होतं, म्हणूनच ठेवला. बाबा पळाले याचा मला राग नाही. पिलंवाली अस्वलीण अंगावर आली की काठी सुचत नाही. मी असते तरी पळाले असते, आणि तूही. त्यांनी मला न सांगता तुला सांगितलं, हे मात्र लागलं, खोल लागलं. पण तेही मी गिळलं असतं. आईबाप सगळंच लेकरांना सांगत नाहीत. पण ज्या माणसानं जन्मभर दाबून ठेवलेलं तुझ्यापुढे उघडं केलं, "बाई, हे तुह्यापाशीच ठेवजो" म्हणून (म्हटलं असणारच त्यांनी, मी ओळखते माझ्या बापाला), त्याला तू वाघाचा ट्रेलर दाखवून गप्प बसवलंस. तुझ्या ट्रेलरवर त्या म्हाताऱ्यानं विश्वास ठेवला, आणि मीही. आईचं लुगडं पांघरून झोपलीस ना गं माझ्या शेजारी! दगाबाजीला दुसरा शब्द असला तर तूच सुचव, पिक्चरची लेखिकाही तूच आहेस.

आणि वर तुझा आधीच आलेला निरोप, की सोहळ्याला बाबांना आणि काठीला घेऊन ये, गाडी पाठवते, पिक्चर जिंकला की त्यांना रंगमंचावर बोलावून खरा माणूस म्हणून ओळख करून देते. त्यांनी नवा सदरा शिवून घेतला होता. काठी धुतलेल्या धोतरात गुंडाळून ठेवली होती. "मी कायले येऊ?" म्हणत होते, पण बाईचं मन मोडायचं नाही म्हणून तयार झाले होते. त्यांना वाटत होतं, तू त्यांची लाज राखलीस, तर तुझ्यासाठी एवढं तरी करावं. मी नागपूरहून आले तेव्हा ते ओसरीत वाटच बघत होते. "कसा हाय पिक्चर?" म्हटलं, चांगला आहे. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. वाटेत एसटीत रडून माझे डोळे सुजले होते, काहीतरी सांगणं भाग होतं. मी म्हटलं, बाबा, उर्वशीचा पिक्चर बाद झाला, शर्यतीतून काढला, आता सोहळाही नाही आणि जाणंही नाही. धडधडीत खोटं बोलले. त्यांना हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. ते खाली बसले आणि म्हणाले, "पोरीनं लय जीव लावला होता वं. रडत असन ते." काठी सोडवून त्यांनी पुन्हा खुंटीला लावली.

म्हणून हे पत्र, उर्वशी. माझ्या मनानं मी तुला आता ओळही लिहिली नसती. बाबांनी बसवलं मला सकाळपासून, "तिले पत्र लिव, धीर दे, म्हना बक्षीस पुढच्या साली भेटन." त्यांच्या समजुतीनं मी तुझं सांत्वन करते आहे. तेव्हा गाडी पाठवू नकोस. जिंकशील तेव्हा रंगमंचावरून त्यांचं नाव घेऊ नकोस, आमच्या गावाचंही नाही. पिक्चर आज ना उद्या चंद्रपूरला लागेल, पत्रूच्या मोबाइलवर येईल, गाव बोलेल. गावाचं तोंड मी सांभाळीन, सांगेन की सिनेमावाल्यांनी अस्वलाचा वाघ केला तसंच हेही केलं. पण तू ते सांगितलंस आणि मला ते कळलं, या दोन गोष्टी त्यांना जिवंतपणी कळता कामा नयेत. एवढा शब्द तरी पाळ. माझा निकाल मी फिरवत नाही, कारण नियम तुझाच आहे. शिवाय पिक्चर खरंच चांगला आहे, आणि तो प्रसंग लोक बसस्टँडवर सांगतील. परवा नागपूरच्या स्टँडवर एक माणूस सांगत होताच, मी त्याच्या मागच्या बाकावर बसले होते. पत्रासोबत एक पुडी येईल. मी लिहिते आहे आणि बाबा समोर अंगणात सूप घेऊन बसलेत, घरच्या हरभऱ्याचे फुटाणे तुझ्यासाठी एकेक सोलताहेत, सालं फुंकताहेत. "हरली म्हन्ते ना, मंग तिले सोलून देल्ले पायजे." आपल्या खेळात हरलेल्यानंच सोलायचे असतात, हे मी त्यांना सांगितलं नाही.

कधीकाळी तुझीच असलेली,
पुनम