मूळ सापडलं नाही

आई, आज शाळेत एका बाईंनी विचारलं, तुमच्या आईला नक्की काय झालं होतं. मी म्हणाले, "छातीत कॅन्सरची गाठ होती. मिश्री लावायची ना." बोलून गेले, आणि पुढच्या तासाला मला धड शिकवता आलं नाही.

तुझा खोकला थांबेना म्हणून मी तुला शाहूवाडीहून कोल्हापूरला आणलं होतं. दोन फुप्फुसांच्या मधल्या लिम्फ नोडमध्ये गाठ निघाली. तुकडा तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, हा कॅन्सर तिथला नाही, दुसरीकडून आलाय. मग डोक्यापासून पायापर्यंत स्कॅन झाले आणि कुठेच काही दिसेना. "मूळ सापडत नाही, पण गाठ एकाच जागी आहे. ऑपरेशन करून काढू," ते म्हणाले. तंबाखूचंही विचारलं त्यांनी. तू सांगितलंस, "मिसरी लावत हुतो, पर सोडून लई वर्सं झाली."

मी विज्ञान शिकवणारी. कारणाशिवाय काही घडत नाही, हे मुलांना रोज सांगणारी. डॉक्टर गेले आणि मी तुझी पिशवी कॉटवर उलटी केली. वॉर्डात सहा बायका आहेत. तुझं लुगडं, फणी, भाताच्या लाह्यांची पुडी, सगळं पसरलंय, आणि मी मिश्रीची डबी शोधतेय. शेजारच्या कॉटवरच्या बाईनं तोंड फिरवलं. तू लुगड्याची घडी परत घातलीस आणि मला हळूच विचारलंस, "गावलं का, बाई?" डबी नव्हतीच.

ऑपरेशन चार तास चाललं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "गाठ पूर्ण निघाली." मी विचारलं, "पण आली कुठून?" ते म्हणाले, "ते कदाचित कधीच कळणार नाही. आई कशा आहेत ते विचारा की आधी."

दुसऱ्या दिवशी तू शुद्धीवर होतीस, बरगड्यांमधून एक नळी बाहेर आलेली. दम खात खात विचारलंस, "मग मिसरीनं न्हवतं न्हवं?" नाही म्हणायला मला एक शब्द पुरला असता. मी म्हणाले, "काही सांगता येत नाही." ते खोटं नव्हतं. पण तू उत्तर मागत नव्हतीस, सुटका मागत होतीस, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्यानंतर तू पाच वर्षं जगलीस. भाताची लावण केलीस, नातीचं लग्न पाहिलंस. माझ्याकडे आलीस की आल्या आल्या पिशवीचं तोंड उघडून ती पुढच्या सोप्यात ठेवायचीस, कोणालाही दिसेल अशी. मी एकदाही म्हटलं नाही की आई, ती बंद कर. मग आजार परत आला, आणि तेव्हाही मूळ सापडलं नाही.

कुठून आला ते माहीत नाही, एवढंच लोकांना सांगायचं असतं. ते म्हणायची मला भीती वाटते. कारण नसेल तर तो उद्या माझ्याही छातीत निघू शकतो. म्हणून अजून तुझ्यावर ढकलते.

तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर हे तुझ्यासमोर बसून मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. मी दाखवलं नसतं, आई.