शांततेचा तास आणि उसवलेली विजार

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (तो कागदावरच घातलेला बरा. खरोखरीचा घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील. शिवणयंत्रापुढे बसून कंबरेने आता सरळ व्हायचा नादच सोडलाय.) टेकडीवरच्या हवेने तुझे गुडघे कुरकुरायचे थांबले असतील आणि मौनाच्या त्या ठिकाणी निदान पत्र वाचायला तरी बंदी नसेल, असं धरून लिहितो आहे. इकडचं म्हणशील तर सगळं ठीक. आई बरी आहे. म्हणजे चार घास जेवते, मनाला येईल तेव्हा झोपते आणि मला 'मास्तर' म्हणते. कपड्यांच्या कारखान्यात ती चुकलेल्या शिवणी उसवायला होती ना, तिथला मास्तर माझ्यासारखाच टकला होता म्हणे. तेव्हा तू तिथून निघायची मुळीच घाई करू नकोस. आमचं चाललंय.

तुझ्या मागच्या पत्रातला सल्ला मी मनावर घेतला. रोज सकाळी तासभर एकटं बसावं, मन आत वळवावं, प्रार्थना करावी, म्हणजे आजारी माणसाचं करायला बळ येतं, असं तू लिहिलंस. बळ मला हवंच होतं. पण ताई, ज्या घराची पुढची खोली दुकान आणि मागची खोली बाकीचं सगळं, त्या घरात एकटं बसायचं कुठे? स्वयंपाकाच्या ओट्यापाशी बसलो, तर बायकोने पोळ्यांचं पीठ माझ्या मांडीवर ठेवलं. (तिला बेकरीत पहाटे पोचायचं असतं. रिकामी मांडी दिसली की तिला वस्तू ठेवावीशी वाटते.) न्हाणीघरात बसलो असतो, तर मुलीने दार वाजवून वाजवून माझ्याआधी देवाला बाहेर काढलं असतं. शेवटी दुकानात कपडे घालून बघायची पडद्याआडची जागा आहे, तिथे स्टूल टाकलं. तिथे अडचण आरशाची. मन आत वळवायचं आणि समोर आपलंच उतरलेलं तोंड! डोळे मिटले तरी ते तिथेच बसलंय हे माहीत असतं. त्यात एका बाईंनी ब्लाउज घालून बघायला पडदा सारला आणि आत शिंपी डोळे मिटून बसलेला पाहिला. त्या अजून रस्ता बदलून जातात.

शिवाय आई. तिचा दिवसभर एकच प्रश्न असतो, "मोठी आली का?" मी म्हणतो, येतेय. ती म्हणते, बरं. आणि चहा निवायच्या आत पुन्हा, मोठी आली का? मोठी म्हणजे तू. (मी कोण हे ती विसरली, तुझं येणं मात्र विसरत नाही. जवळ असणाऱ्याची किंमत शून्य म्हणतात ते हेच.) पडद्याआड बसलं तरी तिला उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर ती दाराबाहेर तुला शोधायला निघते. एक ओळ प्रार्थनेची, एक 'येतेय'. अशाने देवही गोंधळला असेल, की हा मला बोलावतोय की स्वतःच निघालाय.

आणि एका सकाळी चमत्कार झाला. आईची हाक नाही. घर इतकं शांत, की मला वाटलं, लागलं! ध्यान लागलं! पुरता तासभर बसलो, बाहेर आलो तो चेहऱ्यावर तेज वगैरे घेऊन, आणि त्याच तेजात शाळेच्या हेडमास्तरांची इस्त्री करून टांगलेली विजार त्यांच्या घरी पोचवली. त्याच संध्याकाळी त्यांचा निवृत्तीचा निरोपसमारंभ होता. भाषण करताना चष्मा खाली पडला आणि तो उचलायला ते वाकले. पुढचं मी लिहीत नाही. पहिल्या रांगेपेक्षा व्यासपीठावर त्यांच्या मागे बसलेल्या पाहुण्यांना जास्त दिसलं, एवढं सांगतो. आईने माझ्या शांततेच्या तासात, केसातल्या आकड्याने, मागची शिवण अख्खी उसवून ठेवली होती. (वरून लांब कोट, त्यात समारंभाची घाई, म्हणून घालताना त्यांनाही कळलं नव्हतं.) दोरे वेचलेले, विजार पुन्हा जिथल्या तिथे टांगलेली. कारखान्यातली शिस्त, दुसरं काय! (ब्लेड मी कधीच कपाटावर ठेवलंय. आकड्याचं डोक्यात आलं नव्हतं.)

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर आले, विजार टेबलावर ठेवली आणि काहीच बोलले नाहीत. तसं मौन तुमच्या टेकडीवरही कुणाला जमत नसेल. ते गेल्यावर मी आईवर ओरडलो. का उसवलीस म्हणून. ती घाबरली. मग विजारीवरून हात फिरवत हळूच म्हणाली, "मोठीचा झगा आहे, मास्तर. ती आता वाढली असेल. शिवणीत दोन बोटं कापडाची माया ठेवलीय मी. सैल करून ठेवते, आली की घालेल."

ताई, मी तिथेच खाली बसलो.

तेव्हापासून शांततेचा तास बंद. आता रोज संध्याकाळी जुना पडदा घेऊन मी त्यावर मोठ्या टाक्यांच्या शिवणी मारतो. आई शेजारी बसून कापडाला हात लावून बघते. दुसऱ्या दिवशी ती त्या उसवते. संध्याकाळी मी पुन्हा मारतो. या शिवणीचा कुणाला काही उपयोग नाही, तिचं कौतुक कुणी करणार नाही. पण ती मारताना माझं मन जागेवर असतं आणि उठताना हलकं वाटतं. याला प्रार्थना म्हणतात का, हे तिथे कुणाला तरी विचार. नसेल म्हणत, तरी मी शिवणारच आहे.

तुझा धाकटा

ता. क. हेडमास्तरांनी नवीन विजार शिवायला टाकली आहे. अट एकच, शिवताना मी ध्यान करायचं नाही.

आणखी एक. पत्र पेटीत टाकायचं राहिलं होतं, आणि वर 'घाई करू नकोस' लिहिलंय ते खोडायचंही राहिलं. चार दिवस झाले, आई 'मोठी आली का' विचारत नाही. मीच जवळ जाऊन सांगतो, मोठी येतेय. ती माझ्याकडे बघते, पण 'बरं' म्हणत नाही. पडदा मांडीवर तसाच असतो, एक टाका उसवलेला नाही. घर अगदी शांत आहे, तू म्हणतेस तसं. मला ही शांतता नको. तू ये. तिने काहीही हातात दिलं, पडदा दिला तरी, अंगाला लावून म्हण, बरोब्बर बसतोय.